फाटक लावलेले ठेवण्यात यावे

“‘मी’ म्हणायचं नाही, थ्रेलफॉल. ‘मी’ म्हणणारा माणूस आज ना उद्या पकडला जातो.”

हा आवाज मिस्टर ऑर्मरॉड यांचा. जाडसर, सर्दावलेला, पेपरमिंटच्या गोळीच्या वासाचा. ऑर्मरॉड जाऊन किती उन्हाळे-हिवाळे उलटले, थडग्यावरची त्यांच्या नावाची अक्षरं शेवाळानं भरली, पण एडगर थ्रेलफॉलच्या कानात तो आवाज होता तसाच होता. एडगर तेव्हा मिसरूड फुटलेला पोरगा, नगरपालिकेच्या कचेरीत सूचना लिहिण्याच्या टेबलाला नुकताच चिकटलेला. पहिल्याच दिवशी त्यानं लिहिलं, ‘आम्ही गिरणीचा रस्ता बंद केला आहे.’ ऑर्मरॉडनी तो कागद मेलेला उंदीर धरावा तसा दोन बोटांत धरला.

“कोणी बंद केला? तू? मग लोक तुझ्या घरावर दगड मारतील. ‘रस्ता बंद करण्यात आला आहे.’ कोणी केला? कोणीच नाही. धुकं उतरतं तसा तो बंद झाला. आणि एवढ्यावर सोडायचं नाही, वाक्याची हाडं टोचतात. मध्ये एक उशी घालायची. ‘तात्पुरता’ बंद करण्यात आला आहे. ‘नम्रपणे’ विनंती करण्यात येते. आपल्या इंग्रजीत अशा वेळी क्रियापदाचे दोन तुकडे होतात ना, त्या दोघांच्या बरोबर मधोमध. भांडणाऱ्या दोन भावांच्या मध्ये धाकटी बहीण निजवतात तशी. ती तिथं असली की कोणी कोणाला लाथ मारत नाही.”

एडगरनं हे इतकं मनावर घेतलं की पुढे निवृत्त होईपर्यंत साऱ्या गावाला त्यानं अशा उशांवर निजवलं. पोहण्याचा तलाव खेदपूर्वक बंद करण्यात आला. कबरस्तानातले डुगडुगते दगड शोकाकुल नातेवाइकांच्या आदरपूर्वक निदर्शनास आणून देण्यात आले. कुत्र्यांच्या बाबतीत तर एडगरचा हात कोणी धरू शकत नव्हतं. फार काय, एनिडला मागणीसुद्धा त्यानं अशीच घातली. बागेत बँड वाजत होता, एनिड बाकावर शेंगदाणे सोलत होती, आणि एडगर टोपी गुडघ्यावर फिरवत म्हणाला, “पुढील आयुष्य एकत्र घालवण्याचा गंभीरपणे विचार केला जावा, अशी मनापासून इच्छा व्यक्त करण्यात येत आहे.”

“कोणाकडून?” एनिडनं विचारलं.

एडगरनं बोटानं स्वतःची छाती दाखवली. एनिड इतकी हसली की बँडवाल्यांनी वळून पाहिलं. मग लग्न झालं. म्हणजे, करण्यात आलं.

तर या एडगरवर मार्च महिन्याच्या एका सोमवारी जे संकट आलं, ते दिसायला अगदी बारीक होतं. एनिडच्या खुब्याचं हाड बदललं होतं आणि शुक्रवारी सकाळी इस्पितळाची गाडी तिला घरी आणून सोडणार होती. बस, एवढंच. पण त्यांच्या हॅदरक्लफ गावची घरं डोंगराला पाठ टेकून उभी. पुढच्या दाराला अशा उभ्या पायऱ्या, की धडधाकट टपालवालासुद्धा वर आल्यावर पत्र देण्याआधी श्वास घेतो. तेव्हा एनिडनं यायचं ते मागच्या गल्लीनंच. गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबणार, आणि तिथून आपल्या मागच्या दारापर्यंत एनिड हातातल्या चौपायी वॉकरवर, ओल्या फरशीवरून, पाऊल पाऊल चालत येणार. या वाटेवर लागतं मिसेस लम यांचं परसू. त्या परसाला आहे एक लाकडी फाटक. आणि त्या फाटकाच्या आत राहतो ऑल्डरमन.

ऑल्डरमन म्हणजे हंस. हंस म्हटल्यावर ज्यांच्या डोळ्यांपुढे निळं तळं, कमळाचे देठ आणि दमयंतीचा निरोप उभा राहतो, त्यांनी एकदा या गल्लीत पायजमा घालून कोळसा आणायला जावं. हा नर हंस. पांढरा, मानेनं लांब, पोटानं भारदस्त, छाती काढून चालणारा, जुन्या नगरपित्यांसारखा, म्हणून मिस्टर लमनी त्याचं नाव ऑल्डरमन ठेवलं. गेल्या पानगळीत मिस्टर लम गेले, हंस राहिला. चोचीच्या कडेला त्याला करवतीसारखे बारीक दात, आणि चावला की सोडायच्या आधी पिळायचा. दूधवाल्यानं त्या गल्लीत जाणं कधीच बंद केलं होतं. एडगर कोळशाला जाताना कचऱ्याच्या डब्याचं झाकण ढालीसारखं धरून जाई, आणि कोणी पाहिलंच तर झाकण जरा वाकलंय, सरळ करायला नेतोय, असा चेहरा करी.

एडगरला हंसाची भीती वाटत होती, हे उघड आहे. पण त्या सोमवारपासून या भीतीच्या पोटात दुसरी एक भीती वाढू लागली. डोळे मिटले की त्याला ती ओली फरशी दिसे, वॉकरचे चार रबरी पाय दिसत, पांढरं काहीतरी फडफडत येई, आणि मग जे दिसे ते तो पाहत नसे. घाईनं उठून चहाचं आधण ठेवी.

इस्पितळात भेटीच्या वेळी एनिड उशांना टेकून बसली होती. केस कोणीतरी तिच्या पद्धतीनं नाही, दुसऱ्याच भांगानं विंचरले होते. एडगरला ते पाहवत नव्हतं.

“मागच्या गल्लीनंच यावं लागणार ना मला?” ती म्हणाली.

“त्या बाबतीत आवश्यक ती काळजी सक्रियपणे घेतली जात आहे.”

“कोण घेतंय?”

“घेतली जातेय.”

“एडगर, हंसाचं काय?”

“हंसाचं काय असायचंय? पाखरू आहे ते.”

एनिडनं त्याच्या हातावर हात ठेवला. “मला आता पळता यायचं नाही रे,” ती म्हणाली. हसतच म्हणाली. एडगर बाहेर आला आणि चुकीच्या बसमध्ये बसला.

आता कोणीही शहाणा माणूस म्हणेल, अरे बाबा, मिसेस लमचं दार वाजव आणि सांग, बाई, शुक्रवारी तेवढा तुमचा हंस आत ठेवा. एडगरलाही हे सुचलं होतं. तो गेलासुद्धा. मिसेस लम दारात आल्या. बाई थोराड, बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या, चॅपलमध्ये भजनाला उभ्या राहिल्या की मागच्या तीन बाकांवरचे लोक नुसतेच ओठ हलवत, असा आवाज. “काय हो मिस्टर थ्रेलफॉल?” एडगरनं त्यांच्या परसातल्या रुबार्बची मनापासून तारीफ केली आणि परत आला. दुसऱ्यांदा गेला तेव्हा पुन्हा रुबार्बची तारीफ केली, आणि हातात रुबार्बच्या लाल देठांची जुडी घेऊन परत आला. शिवाय नवरा जाऊन सहा महिने न झालेल्या बाईला तिच्या नवऱ्याच्या लाडक्या हंसाबद्दल तोंडावर बोलायचं कसं? या गावात तशी रीत नाही. तोंडावर बोलतात ते खाली दक्षिणेतले, रीडिंगकडचे लोक. इथं कागद लावतात.

म्हणून एडगरनं कागद लावायचं ठरवलं.

मसुदा घेऊन तो आधी गेला मिस ओगडेनकडे. मिस ओगडेन मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. गावातली अर्धी बायकामाणसं अजूनही त्यांना पाहिलं की मोजे वर ओढतात. त्यांनी चष्मा लावला, तांबडी पेन्सिल घेतली, आणि चहा निवेपर्यंत त्या खुणाच करत राहिल्या.

“‘रहिवाशांना कृपापूर्वक विनंती करण्यात येते.’ कोणाची कृपा, मिस्टर थ्रेलफॉल? विनंती करणाऱ्याची की ऐकणाऱ्याची?”

“सर्वसाधारण कृपा, बाई.”

“अशी मोकाट कृपा नसते. ‘सौजन्यपूर्वक’ करा. आणि हे बघा, ‘फाटक नीटपणे ठेवण्यात यावे लावलेले’. इंग्रजीत तुम्ही ‘नीट’ला कुठं बसवलंय? ‘ठेवण्या’च्या मांडीवर. म्हणजे ठेवणं नीट होईल आणि फाटक बापडं तसंच लोंबकळत राहील. ‘नीट’ला उचला आणि ‘लावलेले’च्या शेजारी बसवा. ज्याचा हात धरायचा त्याच्याच शेजारी बसावं माणसानं.”

एडगरनं उचललं आणि बसवलं. निघताना त्यानं सहज विचारलं, “तुम्ही हल्ली मागच्या गल्लीनं येत नाही, बाई?”

“हवा,” मिस ओगडेन खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या. “पुढच्या बाजूची हवा मला मानवते.”

पायऱ्यांवर रॉय क्लेग भेटला. क्लेग म्हणजे निवृत्त बस-कंडक्टर, दोन्ही गुडघे गेलेले, आणि अजूनही माणसं आत सरकवल्यासारखा बोलणारा. त्यानं मसुदा वाचला आणि तो कुजकं अंडं असल्यासारखा परत केला.

“सौजन्यपूर्वक? सौजन्याला कोण भीक घालतं, लेका? मी एवढी वर्षं ‘थुंकण्यास सक्त मनाई करण्यात आली आहे’ या पाटीखाली उभा राहिलो. ‘सक्त’ होतं म्हणून लोक निदान इकडंतिकडं बघून थुंकायचे. ‘सक्त’ घाल.”

“शेजारधर्म आहे, रॉय.”

“मग खा चावे. आणि ऐक, हंसाला घाबरायचं नसतं. हात पसरायचे, डोळ्याला डोळा द्यायचा, आणि पुढं चालायचं.”

“तू केलंयस असं?”

“मला वेळ कुठाय?” म्हणत क्लेग कठडा धरून एकेक पायरी कण्हत चढू लागला. “गुडघ्यांना चढ चांगला असतो,” तो वरून म्हणाला.

मंगळवारी दुपारी गल्लीच्या दिव्याच्या खांबावर कागद चढला. अक्षर असं की सोनारानं कोरावं:

‘मागील गल्लीतील फाटक नेहमी नीट लावलेले ठेवण्यात यावे, अशी सर्व रहिवाशांना सौजन्यपूर्वक विनंती करण्यात येत आहे.’

कोणाचं फाटक ते नव्हतं. हंस नव्हता. शुक्रवार नव्हता, एनिड नव्हती. ज्या भीतीच्या पोटी तो कागद जन्माला आला, तिचं तर नावच नव्हतं. एडगरला तो कागद फार सुंदर वाटला.

संध्याकाळी मिसेस लम त्या खांबापाशी उभ्या होत्या. एडगरला पळायला जागा नव्हती.

“कुठलं फाटक म्हणायचं असेल हो यात?”

“सर्वसाधारणपणे... फाटकं.”

“छान लिहिलंय ज्यानं लिहिलंय त्यानं.”

“लिहिलं गेलंय खरं छान,” एडगर म्हणाला.

बुधवारी सकाळी एडगरनं खिडकीचा पडदा बोटभर सरकवून पाहिलं, तर फाटक सताड उघडं. ऑल्डरमन गल्लीच्या मधोमध उभा. आणि खांबावर एडगरचा कागद नाही, त्याच्या जागी नगरपालिकेची छापील चिठ्ठी: ‘पूर्वपरवानगीशिवाय सार्वजनिक खांबांवर लावण्यात आलेली सूचना खेदपूर्वक काढून टाकण्यात आली आहे.’

एडगर कचेरीत गेला. ज्या कचेरीत त्यानं जन्म घालवला तिथं आता खिडकीला काच होती आणि काचेमागे एक तरुण मुलगी नखं रंगवून बसली होती. एडगरनं शुक्रवार सांगितला, खुबा सांगितला, गल्ली सांगितली. हंस सांगायचा राहिला. मुलीनं काळजीनं ऐकलं आणि खिडकीखालून एक कागद सरकवला.

‘आपला अर्ज प्राप्त झाला असून त्यावर योग्य वेळी योग्य प्रकारे विचार करण्यात येईल.’

एडगरनं ते वाक्य वाचलं आणि त्याच्या अंगावर सरसरून काटा आला. ते वाक्य त्याचंच होतं. फार वर्षांपूर्वी, एका पावसाळी दुपारी, ऑर्मरॉडच्या मांडीला मांडी लावून त्यानं ते घडवलं होतं. दुसरा ‘योग्य’ घालताना दोघांना किती आनंद झाला होता! आपल्याच हातानं भरलेल्या गादीवर आपणच बसावं आणि आत एकही कापसाचा बोळा नसावा, तसं झालं.

“पण योग्य वेळ म्हणजे कधी, पोरी?”

“ते ठरवलं जाईल ना, काका.”

“कोणाकडून?”

हा प्रश्न आपल्या तोंडून निघाला यावर एडगरचा क्षणभर विश्वास बसला नाही. तो प्रश्न एनिडचा होता. मुलीला त्याचं उत्तर माहीत नव्हतं. कोणालाच नव्हतं, तशीच व्यवस्था होती.

परत येतो तो गल्लीत कागदांचं पीक. परवानगी खांबाला लागते, भिंतीला लागत नाही, असा क्लेगनं कायदा काढला होता, आणि भिंतीवर वीतभर अक्षरात लिहिलं होतं: ‘फाटक उघडं टाकायला मनाई करण्यात आली आहे सक्त!’ त्यावर तांबड्या पेन्सिलीनं ‘सक्त’भोवती गोल आणि त्याला योग्य जागी नेऊन सोडणारा लांब बाण. बाणाचा हात अर्थात मिस ओगडेनचा. त्याखाली क्लेगचं: ‘शाळा सुटली आहे याची नोंद घेण्यात यावी.’ आणि सगळ्यांच्या खाली, काळ्या काठाच्या कागदावर, चॅपलच्या वळणाचं अक्षर: ‘फाटक दररोज सायंकाळी काळजीपूर्वक लावले जाते, हे दुःखपूर्वक स्पष्ट करण्यात येत आहे. श्रीमती डी. लम.’

काळा काठ पाहून गल्लीनं पेन्सिली खिशात घातल्या. विधवा बाईला दुखावलं, हे प्रत्येकाला कळलं, आणि ते दुसऱ्यानं केलं, हेही प्रत्येकाला कळलं.

“पण मग ते उघडतं कोण?” गुरुवारी क्लेगनं आवाज खाली आणून विचारलं. दोघं एडगरच्या स्वयंपाकघरात, पडदा ओढून, आल्या-गुळाच्या काळ्या केकचा तुकडा चघळत बसले होते. “बाई म्हणते लावलं जातं. सकाळी उघडं असतं. हंस काही कडी काढत नाही.”

“वारा.”

“खालून वर कडी उचलणारा वारा? मी सांगू? ज्यानं तो हंस पाळला, तोच येत असेल त्याला फिरवायला. लम रोज पहाटे फिरवायचाच त्याला.”

“रॉय, लम मेलाय.”

“म्हणून तर म्हणतोय,” क्लेग म्हणाला आणि उरलेला केकही त्यानंच संपवला.

एडगर भुताखेतांवर विश्वास ठेवणारा नव्हता. कचेरीत तसली एकही सूचना त्यानं कधी काढली नव्हती. पण त्या दिवशी दिवेलागणीला तो कोळशाला गेलाच नाही. विस्तव विझू दिला, अंगावर एनिडची शाल घेऊन बसला. शालीला तिचा वास होता, लव्हेंडरचा आणि जरासा कांद्याचा. उद्या ती शाल तिला द्यायची. उद्या ती इथं, या खुर्चीत असेल. गल्लीतून नीट आली तर.

शुक्रवार उजाडला तो धुकं घेऊन. डोंगरावरून धुकं असं उतरलं होतं, जसं कोणी वरून पिंजलेली लोकर सोडावी आणि ती गल्लीच्या कडेकडेनं, कौलाकौलावर, दगडादगडावर हलकेच टेकत यावी. एडगर चहा न घेताच उठला. एका हातात कपडे वाळत घालायची दोरी, एका हातात डब्याचं झाकण. फाटक गच्च बांधून टाकायचं, मग मिसेस लम काय म्हणतील ते म्हणोत, ते नंतर खेदपूर्वक पाहण्यात येईल.

फाटक उघडं होतं.

फाटक उघडं होतं आणि गल्लीत कोणी नव्हतं. एडगर हळूच फाटकापाशी गेला. कडीला हात घातला. आणि मागून, अगदी मागून, कोणी सायकलच्या चाकातली हवा सोडावी तसा आवाज आला.

एडगर आत शिरला. बाहेर हंस असताना आत का शिरला, असं विचारू नये. भ्यालेल्या माणसाला एकच दिशा ठाऊक असते, ती म्हणजे दुसरी. परसाच्या कोपऱ्यात कोळशाची खोपटी होती. त्यानं दार ओढलं, आत उडी मारली, दार लावून घेतलं, आणि काळोखात कोणीतरी त्याच्या कानाशी श्वास घेतला.

एडगर ओरडला नाही. ओरडायला आवाज लागतो.

“मिस्टर लम?” तो कसाबसा म्हणाला.

“मी आहे,” काळोख मिसेस लमच्या आवाजात म्हणाला. “हळू बोला. त्याला ऐकू जातं.”

डोळे सरावल्यावर एडगरला दिसलं: मिसेस लम, रात्रीच्या झग्यावर ओव्हरकोट घातलेल्या, हातात कोळशाचं फावडं घट्ट धरून, कोळशाच्या ढिगावर बसलेल्या. बाहेर दाराच्या फटीवर चोच आपटली. टक. टक. दोघंही एकदम पाय वर घेऊन बसली.

“इथं... अडकलं गेलेलं दिसतंय,” एडगर म्हणाला.

“अर्धा तास झाला.”

कोळशाच्या ढिगावर शेजाऱ्याशी काय बोलतात, याची कुठंच सोय केलेली नाही. शेवटी एडगर म्हणाला, “यंदा रुबार्ब फारच छान...”

“फाटक मीच उघडते, मिस्टर थ्रेलफॉल.”

चोच थांबली. जणू तीही ऐकत होती.

“रोज पहाटे. दोरीनं, खिडकीतून ओढून कडी काढते. आज दोरी अडकली म्हणून खाली यावं लागलं. यांनी जाताना माझा हात धरून सांगितलं, डॉर्कस, ऑल्डरमनला सांभाळ. मी हो म्हटलं. आता विकता येत नाही, देता येत नाही, आणि नाताळला कापून भाजायचा तर... देवा, तसला विचार मी केला नाही, एकदाच केला. मला पहिल्या दिवसापासून त्याची भीती वाटते हो. तीस वर्षं चॅपलमध्ये खालचा सूर धरणारी बाई मी, आणि परसात कपडे वाळत घालता येत नाहीत मला. म्हटलं, फाटक उघडं राहिलं, आणि तो गेला तर गेला. हरवला गेला म्हणता येईल. मी घालवला असं होणार नाही. वर गेल्यावर यांना तोंड दाखवता येईल.”

“आणि तो?”

“मेला गल्लीपलीकडं जातच नाही! सगळ्यांना चावून जेवायच्या वेळेला परत!”

एडगरला काहीतरी बोलायचं होतं, काहीतरी मऊ. पण तेवढ्यात धुक्यातून मोटारीचा भोंगा वाजला. एकदा, आखूड, सभ्य. मग दार उघडल्याचा आवाज. मग कोणा पोऱ्याचं, “सांभाळून हं आजी, मी बॅग घेऊन आलोच.” आणि मग फरशीवर, टक... टक... रबरी पायांचा तो आवाज. एक थांबा. पुन्हा टक.

फटीवरची पांढरी सावली हलली. हंसानं मान वर केली. त्यालाही ऐकू आलं होतं.

मिसेस लमनी नंतर सगळ्या गल्लीला सांगितलं, की मिस्टर थ्रेलफॉल गेले ते दार उघडून गेलेच नाहीत, दारासकट गेले. ते खरं नाही. बिजागरी आधीच सैल होती. पण एडगर गेला. झाकण आत विसरला, टोपी आत राहिली, तोंडाला कोळशाची भुकटी, हातात ती दोरी. धुक्यात एनिड उभी होती, वॉकर धरून, कोटात लहानशी झालेली, आणि तिच्या आणि हंसाच्या मध्ये फक्त ओली फरशी होती. हंस मान जमिनीसरशी धरून निघाला. एडगर त्याला ओलांडून गेला. कसा, ते त्यालाही आठवत नाही.

“एडगर? हे काय रे तोंडाला?”

“चल,” एडगर म्हणाला. “माझ्या पुढं राहा. चल.”

आणि हंसानं त्याला धरलं. मागून, मांडीच्या वर, जिथं पँट ताणलेली असते तिथं, धरलं आणि पिळलं.

एडगर पळू शकला असता. घराचं दार समोर दिसत होतं. पण एनिडला पळता येत नव्हतं, म्हणून एडगरलाही पळता येत नव्हतं. टक, एक पाऊल. टक, दुसरं. एनिड पुढं, तिच्यामागं आपल्या पाठीचं कुंपण करून एडगर, आणि एडगरला लोंबकळत, पंख फडफडवत, मध्येच सोडत आणि नवी जागा निवडून पुन्हा धरत ऑल्डरमन. मागून मिसेस लम फावडं उगारून, “सोड, सोड त्यांना, नालायका!” असं खालच्या सुरात गात येत होत्या. बॅगवाला पोऱ्या गाडीपाशीच खिळला. वरच्या खिडक्यांत पडदे हलले. क्लेगनं खिडकी उघडून, “हात पसर, हात!” असा सल्ला दिला आणि खिडकी लावून घेतली. अशी ती मिरवणूक इतकी हळू, इतकी हळू गेली, की धुक्यानं दोनदा तिला झाकलं आणि दोनदा उघडलं.

दाराशी आल्यावर मिसेस लमनी हंसाला शेपटीकडून धरलं. पहिल्यांदाच धरलं असावं, कारण दोघंही सारखीच दचकली. आणि त्या त्याला कोटात गुंडाळून घेऊन गेल्या. जाताना म्हणाल्या, “मी आजच देऊन टाकते याला, शेतावरच्या माणसाला. मी देते. काय बोलायचं ते वर गेल्यावर यांच्याशी मी बोलेन.”

फाटकाची कडी लागल्याचा आवाज आला.

एनिड आपल्या खुर्चीत बसली. एडगरनं तिच्या खांद्यावर शाल घातली. तो बसला नाही. काही दिवस तो बसणार नव्हता. विझलेल्या शेगडीपाशी उभा राहून तो कागदाचे बोळे करू लागला, आणि काडी काही केल्या पेटेना.

“कापतोयस तू,” एनिड म्हणाली.

“धुकं आहे.”

“हंसाला घाबरलास ना रे?”

“किंचित भीती... निर्माण झाली होती.” एडगरनं दुसरी काडी ओढली. तीही विझली. एनिडचा भांग अजून दुसऱ्याच बाजूला होता. तो आला, तिच्यापुढं उभा राहिला, आणि काळ्या बोटांनी तिचे केस हळूहळू जिथले तिथं करू लागला. एनिडनं डोळे मिटून घेतले.

“एनिड.”

“हं?”

“तुला ऑपरेशनला नेलं ना, त्या दाराच्या आत, तेव्हापासून... हंस नंतर आला.” त्यानं एक बट तिच्या कानामागं सारली. “तू परत येणार नाहीस असं वाटलं मला. मी फार घाबरलो होतो.”